शेताला दार नसतं

तीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त कशावरून भांडले असेन, तर डोक्याच्या तेलावरून. तारीख देताना प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून द्यायचं, तोंडानं सांगायचं, वर दटावायचं की आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. ठरलेल्या दिवशी माणूस यायचं ते कानामागून ओघळ येईपर्यंत तेल चोपडून. मोठ्या डॉक्टरसमोर जायचं तर नीटनेटकं नको का जायला? बायका तर मुलींच्या दोन घट्ट वेण्या घालून, रिबिनी बांधून आणत. मी एकेक वेणी सोडत बसे आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असे. नागपूरच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नोकरी केली तिथं माझं नावच 'वायरवाली बाई' पडलं होतं. बाहेरच्या बाकावरचे लोक एकमेकांना सांगत, "सांभाळून जा गा, वायरवाली आज गरम हाय."

माझं काम ईईजी काढण्याचं. ईसीजी छातीचा तसा ईईजी डोक्याचा, एवढं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या मेंदूत सतत अगदी बारीकशी वीज खेळत असते. ती टिपायला पेशंटला खाटेवर झोपवायचं, टेपनं डोकं मोजायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या. मग एकवीस ठिकाणी केस बाजूला सारून कातडी साफ करायची, चिकट पांढरी पेस्ट लावायची आणि तिच्यात वायरची चकती बसवायची. पेशंटनं डोळे मिटून शांत पडायचं. यंत्राच्या पडद्यावर रेघा धावू लागतात आणि डोळे मिटलेल्या निवांत माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातून सुरेख, सारख्या लाटा येतात. डोळे उघडले की त्या लाटा जातात, मिटले की परत येतात. हजारो वेळा पाहूनही मला त्याचा कंटाळा आला नाही. यात बाहेरून वीज सोडत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण "बाई, करंट तं नाही न देणार?" हा प्रश्न मी रोज ऐकला आहे.

लहान मुलांना या तपासणीत तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. मुलं नुसती सांगून ऐकत नाहीत. म्हणून मी माझ्या टेबलाच्या खणात कागदाची भिरभिरी ठेवत असे. फुंकर मारून भिरभिरं फिरवत ठेव म्हटलं की पोरगं इमानदारीनं फुंकतं. जाताना ते त्याचं त्याला देऊन टाकायचं.

आता आमच्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कचरा. पेशंटनं जबडा आवळला, आवंढा गिळला, मान ताठ केली, की त्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेवर पसरते आणि पडदा काळाकुट्ट होतो. शाळेच्या वहीवर कुणी पेन गिरगटून टाकावं तसा. त्याला आम्ही कचरा म्हणतो. चांगल्या तंत्रज्ञाची परीक्षा काय, तर त्याच्या रेकॉर्डमध्ये कचरा किती कमी. मला याची भारी घमेंड होती. माझी पानं इतकी स्वच्छ असत की शिकायला आलेले नवे डॉक्टर ती बघायला येत. आणि जो कचरा टळत नाही त्याच्यापुढे तिथल्या तिथं नोंद करायची: 'खोकला', 'डोळे मिचकावले', 'दार'. आमच्या यंत्राला तेव्हा कॅमेरा नव्हता, त्यामुळं खोलीत काय झालं हे या नोंदींवरूनच कळायचं.

'दार' ही नोंद माझ्या रेकॉर्डमध्ये फार. इमारत जुनी, खोलीचं दार लोखंडी पत्र्याचं आणि त्याला ही एवढी कडी. कुणी दार ओढलं की ती खणकन वाजायची. माझ्या अर्जांना कंटाळून एकदा दुरुस्तीवाला आला, त्यानं कडीला तेल घातलं आणि गेला. दवाखान्यात तेलाचा उपयोग कुठं करावा हे कुणालाच कधी कळलं नाही.

या कडीनं एका माणसाची अब्रू राखली, तेही सांगून टाकते. लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी आले होते. चक्कर येऊन पडले म्हणून होणारा जावई गाडीतून घेऊन आला होता. मी टेप घेऊन डोक्याला हात लावला तर केस जागचे हलले. टोप! शेठजींनी माझा हात धरला आणि कुजबुजले, "बाईसाहेब, पहिले कडी लावा. पोरीचं लग्न व्हायचं आहे." मी कडी लावली. त्यांनी टोप काढून मांडीवर घेतला आणि अर्धा तास त्याला सांभाळत पडून राहिले. रेकॉर्ड इतका स्वच्छ निघाला की काय सांगू, केसांची अडचणच नव्हती. निघताना त्यांनी आरशात तीनदा बघितलं आणि मगच कडी काढू दिली. पुढं लग्नाचे लाडूही पाठवले.

तर कडी लावली की माणसाला निर्धास्त वाटतं, अशी माझी समजूत होती. प्राची येईपर्यंत.

प्राची कुहीजवळच्या एका खेड्यातली. वय चौदा, नववीत. बरोबर तिची मोठी आई, म्हणजे मोठ्या काकांची बायको. धानाच्या शेतात राबलेली, उंच, हाडापेरानं दणकट बाई. चिखलानं टाचा भेगाळलेल्या आणि आवाज असा की बांधावरून बांधावर ऐकू जावा. पोरीला वर्षभरापासून झटके येत होते. शाळेत बसल्या जागी अंग ताठ व्हायचं, डोळे गच्च मिटायचे, हातपाय थरथरायचे, दहा-पंधरा मिनिटं ती कुणाचंच ऐकायची नाही. हेडमास्तरांनी सांगितलं होतं की डॉक्टरांचं लिहून आणा, तोपर्यंत मुलीला शाळेत पाठवू नका, आम्ही जोखीम घेणार नाही. पोरगी दोन महिने घरी होती. पुढं दहावी. ती शाळेत परत जाणार की घरीच बसणार, हे माझ्या खोलीतल्या त्या अर्ध्या तासावर येऊन ठेपलं होतं. पण हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मला ती फक्त त्या सकाळची चौथी पेशंट होती.

तिच्या केसांना तेल नव्हतं, म्हणून मी खूश झाले. वायरी लावताना ती हूं की चूं करीना. मी मोठ्या आईला बाहेर बसवून दार लावायला गेले, तेव्हा मागून बारीक आवाज आला.

"बाई, दार उघडं ठेवता येते काय?"

"नाही येत," मी म्हटलं. "बाहेरचा आवाज येतो. रेकॉर्ड खराब होतो."

आणि कडी लावली.

रेकॉर्ड सुरू केला. लाटा चांगल्या येत होत्या, पण मधूनमधून पडदा काळा व्हायचा. तेव्हा बाहेरच्या बाकावर भलती गर्दी होती आणि कुणी ना कुणी दार ओढून बघत होतं. मी चिडचिड करत नोंदी टाकत होते: 'कडी', 'कडी', 'जबडा ढिला सोड असं सांगितलं', 'कडी'. शेवटाकडे कुणीतरी दोनदा जोरानं दार ओढलं. पोरीची मान ताठ झाली, पडदा काळा झाला आणि मग तिला झटका आला. मी तिला कुशीवर वळवलं, हात धरला, एक डोळा पडद्यावर. आणि बघते तर त्या सगळ्या थरथरीत, स्नायू जरा ढिले पडले की मधल्या फटीतून मागच्या लाटा दिसत होत्या. अगदी जाग्या, धडधाकट माणसाच्या. खऱ्या अपस्मारात असं होत नाही. तिथं मेंदूतच विजेचं वादळ असतं आणि ते ओसरल्यावर मेंदू दमून मंद झालेला दिसतो. इथं झटका थांबल्यावर क्षणात स्वच्छ लाटा.

आता माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली अशी. ओपीडीत डॉक्टरांपुढे शंभर माणसं उभी असतात. पूर्ण रेकॉर्ड संगणकावर बघायला त्यांना उसंत नसते, म्हणून आमच्याकडे वीसेक चांगली पानं निवडून छापायची पद्धत होती. निवडायची मी. मी झटक्याचं ते नेमकं पान घेतलं, नंतरचं घेतलं. झटक्याच्या आधीची काळी पानं आणि मधली ती कडीची सगळी पानं वगळली. कचरा कशाला फाईलला लावायचा?

दुसरी चूक त्याहून वाईट. तंत्रज्ञानं निकाल सांगायचा नसतो, तो डॉक्टरांचा अधिकार. हे मी नव्या मुलींना घोकवून घ्यायची. पण मोठी आई दारात उभी होती, तोंडावर काळजी होती आणि मला तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावंसं वाटलं.

"काय निंगालं वं बाई? डोक्यात काई हाय काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "झटका आला तेव्हासुद्धा मेंदू एकदम चांगला होता. घाबरू नका."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. पण डॉक्टरांच्या रांगेत न थांबता ती पोरीला घेऊन तशीच गावाला निघून गेली, हे मला कळलं ते तीन आठवड्यांनी.

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा माझ्या दारात. प्राची आणखी वाळलेली, खाली मान घालून. मोठी आई मात्र तावातावानं बोलत आली.

"बाई, तुमी जे बोलल्या ते मले कागदावर लिवून द्या. पोट्टीले काई नाई म्हनून. हेडमास्तर कागदाबिगर आयकत नाई."

"झटके थांबले का?" मी विचारलं.

"कायचे थांबते? नाटकं करून राहिली. तुमीच म्हटल्या न, मेंदू चांगला हाय म्हनून? मंग दोन ठिऊन देल्या मी. तरी आयकत नाई."

चौदा वर्षांच्या त्या पोरीनं खालमानेनं गालावरून हात फिरवला. त्या दोन थपडा माझ्या शब्दावर पडल्या होत्या.

"ती नाटक करत नाही हो," मी कशीबशी म्हणाले.

"नाटक नाई तं काय? माह्यासंगं धानाच्या रोवनीले येते. दिवसभर चिखलात वाकून राहिली तरी कदी काई झालं नाई. शेतात एक डाव झटका नाई आला. शाळेतच जास्त काहून येत व्हते मंग? अभ्यास नको म्हनून!"

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खोलीचं दार ओढलं. कडी वाजली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरीचे खांदे कानापर्यंत गेले, जबडा आवळला, मान ताठ झाली. पडदा नव्हता, वायरी नव्हत्या, पण मला तो काळाकुट्ट कचरा जसाच्या तसा दिसला.

मी दोघींना बसवलं आणि संगणकावर तिचा पूर्ण रेकॉर्ड उघडला. सुरुवातीपासून एकेक पान. कडी, काळं पान. कडी, काळं पान. इतर मुलं आवाजानं दचकतात, पण दोन सेकंदांत विसरतात. हिच्या लाटा परत यायला फार वेळ लागत होता. आणि शेवटी दोनदा कडी, मग झटका. सगळं मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं आणि स्वतःच्या हातानं वगळलं होतं.

शेतात झटका येत नाही, कारण शेताला दार नसतं. एवढी साधी गोष्ट.

मी प्राचीला बाहेर अंगणात भिरभिरं देऊन बसवलं. चौदा वर्षांची मुलगी भिरभिरं घेईल का असं वाटलं, पण घेतलं तिनं. मग मोठ्या आईला विचारलं, "शाळेच्या दाराला कडी आहे का?"

"हाय न. पत्र्याचं दार हाय. मास्तर आले का लावते."

"आणि घरी कधी येतो झटका?"

"घरी? घरी एकादवेळी येते. संध्याकाळी. दार लावाच्या टाईमाले..."

ती बोलता बोलता थांबली. तिच्या आवाजातला ताव कुठल्या कुठं गेला. ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळू लागली.

"हिचा बाप," ती म्हणाली, "माहा देर. लय मारे. पयले हिच्या मायले मारे. ते आजारानं गेली, मंग हिले. आठ वर्साची व्हती तवापासून. पन गावात बोंब नाई पायजे, म्हनून पयले कडी लावे. कडी लावली का समजाचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकच भिंत हाय न बाई मधात. आमाले कडी आयकू येत व्हती." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "कडी वाजली का मी टीव्ही मोठा करून देत व्हती."

मी आयुष्यात पुष्कळ बायकांना रडताना पाहिलं आहे. ही रडली नाही. तिनं नुसते दोन्ही तळवे कानांवर ठेवले आणि तशीच बसली. मला तिचा राग यायला हवा होता. पण दाराच्या आतून "दार उघडं ठेवता येते काय" असं विचारणाऱ्या मुलीला "नाही" म्हणणारी मी, कुठल्या तोंडानं रागावणार होते? आम्ही दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी एकदा, तिनं चार वर्षं.

मी पूर्ण रेकॉर्ड घेऊन आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले आणि दोन्ही चुका कबूल केल्या. मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही नोंदी लिहून ठेवल्या म्हणून हे कळलं. दुसऱ्या कुणी नुसतं 'आवाज' लिहिलं असतं." अर्धं रागावणं आणि अर्धं कौतुक मी मुकाट्यानं घेतलं.

मॅडमनी दोघींना समोर बसवून जे समजावलं ते मी दारात उभं राहून ऐकलं, कारण मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. मोठ्या आईचा प्रश्न सरळ होता. मारणारा बाप मरून दोन वर्षं झाली, पोरगी आता आपल्याकडे सुखात आहे, मग आत्ता काहून?

"मावशी, आपल्या मेंदूत एक धोक्याची घंटा असते," मॅडम म्हणाल्या. "हिची घंटा लहानपणी रोज वाजली. रोज वाजून वाजून ती फार तयार झाली. तेव्हा ती तिच्या कामाची होती. कडी वाजली की अंग आवळून घ्यायचं, लपायचं, मन दुसरीकडे न्यायचं. त्यानंच ही तगली. आता बाप नाही, पण धोका संपला हे घंटेला कुणी सांगितलं नाही."

"पन तवा झटके नाई आले."

"कारण आता ही वयात येते आहे. या वयात मेंदूचं बांधकाम पुन्हा निघतं. घंटा आणखी मोठ्यानं वाजू लागते. आणि तिला 'गप, ही शाळेची कडी आहे' असं सांगणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पुरा होतो, विशीच्याही पुढं. सगळ्याच पोरांचं असं असतं, म्हणून ती या वयात तडकतात. हिला तर लहानपणीच फार सोसावं लागलं."

मोठी आई म्हणाली, "म्हंजे बिघडलं ते बिघडलं?"

"आपल्या नागपुरात सिमेंटचा रस्ता निघाला की किती त्रास होतो?" मॅडम हसल्या. "पण रस्ता खोदलेला असतो तेव्हाच खालची नळी बदलता येते न? हिचं काम चालू आहे. हीच वेळ आहे. आणि हे यंत्रात दिसत नाही बरं का, आपण हिच्यावरून ओळखायचं."

मग त्या प्राचीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बेटा, तू नाटक करत नाहीस. तुझं शरीर खरंच घाबरतं. हे मला माहीत आहे, या वायरवाल्या बाईंना माहीत आहे, आता मोठ्या आईलाही माहीत आहे."

प्राची तेव्हा रडली. हमसून हमसून. मोठ्या आईनं तिला जवळ ओढलं तर तिनं आधी अंग चोरलं. पण मोठी आई काही सोडणाऱ्यातली नव्हती.

पुढचं काम समुपदेशक ताईंचं. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला. कुहीकडून बसनं यायचं, रांगेत बसायचं, परत जायचं. शेतीच्या हंगामात एक दिवस मोडणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. मोठ्या आईनं एकही तारीख चुकवली नाही. हेडमास्तरांना मॅडमची चिठ्ठी द्यायला ती स्वतः गेली आणि नुसती चिठ्ठी देऊन थांबली नाही. आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिनं वर्गाच्या कडीला गच्च गुंडाळला. हेडमास्तर म्हणाले, हे काय चालवलंय? ती म्हणाली, "सायेब, ह्या कडीवर माह्या पोट्टीची दाहावी अडून हाय. राहू द्या तिथंच." त्यांनी राहू दिलं. पुढं तर वर्गात पोरं दार हळू लावू लागली, असं प्राचीनंच मला सांगितलं. त्या अनोळखी हेडमास्तरांचे आणि त्या पोरांचे मी मनोमन फार आभार मानते.

पुढच्या तारखेला येताना लुगड्याचा उरलेला पट्टा मोठ्या आईनं मला आणून दिला. तो मी माझ्या खोलीच्या कडीला बांधला. शिवाय त्या दिवसापासून मी तीन गोष्टी सोडल्या नाहीत. लहान पेशंटनं दार उघडं ठेवायला सांगितलं तर उघडं ठेवायचं, मग रेकॉर्ड खराब झाला तरी चालेल. कचऱ्याचं एक तरी पान फाईलला लावायचं. आणि निकालाबद्दल तोंड उघडायचं नाही, तोंड तेलापुरतं ठेवायचं.

झटके एकदम थांबले नाहीत. दहावीच्या सराव परीक्षेत एक आला. ती पास झाली तेव्हा मोठी आई पेढे घेऊन आली आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी लोकांनाही वाटून गेली. पण सगळ्याच पोरींना अशी मोठी आई मिळत नाही. अशाच दोघी-तिघी पेशंट मला आठवतात, ज्यांचे स्वच्छ रेकॉर्ड काढून मी त्यांना प्राचीच्या कितीतरी आधी घरी पाठवलं. त्यांच्या कचऱ्यात काय होतं ते आता कधी कळायचं नाही. ती रुखरुख माझ्याबरोबरच राहील.

मी निवृत्त व्हायच्या महिन्यात दवाखान्याला नवं यंत्र आलं. कॅमेरा असलेलं. मोठी आई आणि प्राची मला भेटायला आल्या, त्यांनी घरचा चिन्नोर तांदूळ आणला होता. प्राची आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. नव्या यंत्राची चाचणी घ्यायची होती आणि माझी सहायक मुलगी रोज स्वतःच्या डोक्याला पेस्ट लावून वैतागली होती.

"माह्यावर करा न बाई," प्राची म्हणाली. "तेल नाही लावलं मी."

मी मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. एकवीस वायरी लावल्या. मोठ्या आईला पाणी प्यायला बाहेर जायचं होतं. मी दार लोटायला उठले, तर प्राची वायरींसकट उठून बसली.

"बाई, कडीचं ते फडकं सोडा."

"कशाला? राहू दे."

"अजून छातीत धडधडते कदी कदी," ती म्हणाली. "पन आता मले माहीत असते काहून धडधडते ते. सोडा न. पाहू."

एवढ्या वर्षांत ते मळून काळं झालेलं, गाठी बसलेलं. मी ते नखांनी सोडवलं. मग मी येऊन यंत्रापुढं बसले. तिनं डोळे मिटले. मागच्या लाटा आल्या, सुरेख, सारख्या. मी वाट पाहत होते आणि वाट बघत असूनही, पाणी पिऊन आलेल्या मोठ्या आईनं नेहमीच्या जोरानं दार ओढलं आणि कडी खणकन वाजली, तेव्हा मी खुर्चीतून उडाले.

पडद्यावर काळ्या रेघा उठल्या. मी सेकंद मोजू लागले. एक, दोन, तीन... रेघा विरळ झाल्या, मान सैल झाली आणि लाटा परत आल्या. मिटल्या डोळ्यांनीच प्राची हसली. एका रेकॉर्डवरून काही ठरवायचं नसतं, मॅडम मला रागावतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी माझे डोळे भरून आले आणि पडदा काही वेळ मला नीट दिसेना.

"काय झालं वं बाई?" मोठी आई दारातून म्हणाली. "मी वाजवली काय जोरानं?"

"वाजवा," मी म्हटलं. "आणखी एकदा वाजवा."

मग सवयीप्रमाणे मी नोंद टाकली. नोकरीतली माझी शेवटची नोंद ती, नव्या यंत्रात अजून असेल: 'कडी. तंत्रज्ञ दचकली. पेशंट ठीक.'